दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०; मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे मराठी चित्रपट-निर्माते, दिग्दर्शक व पटकथाकार होते. १९१३ साली प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा मूकपट पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट समजला जातो. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी चित्रकला, मातीकाम, प्रतिकृती तयार करणे, छायाचित्रण, ठसे बनवणे, शिळाछपाई, नेपथ्य आणि जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग केले. या सर्व हस्तकौशल्यांचा उपयोग करून त्यांनी दादर येथील आपल्या राहत्या घरातच चित्रपटनिर्मितीचा कारखाना उभा केला. आराखडा काढण्यापासून फितीवर प्रत छापण्यापर्यंतची सर्व कामे एका घरात, घरच्याच माणसांच्या मदतीने करण्याची ही पद्धत त्यांच्या कार्याचे प्रमुख वैशिष्ट्य ठरली. भांडवलदार भागीदारांशी त्यांचे वारंवार जे मतभेद झाले, त्यांचे मूळही बऱ्याच अंशी याच पद्धतीत होते.

बालपण आणि कलाशिक्षण

फाळके यांचा जन्म नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या तीर्थक्षेत्री झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते, तर आईचे नाव द्वारकाबाई होते. घराण्याचा व्यवसाय पौरोहित्याचा असल्यामुळे पुराणकथा, कीर्तने आणि धार्मिक विधी यांचे संस्कार धुंडिराज यांच्यावर लहानपणापासून झाले. पुढे दाजीशास्त्री यांची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले.

मुलाचा ओढा पोथ्यांपेक्षा रंग आणि माती यांकडे अधिक असल्याचे दिसल्यावर त्यांना १८८५ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत घालण्यात आले. तेथील रेखाचित्रकलेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून १८८६ मध्ये ते आपले वडीलबंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्यास गेले. शिवरामपंत तेथे नोकरीस होते. याच सुमारास धुंडिराज यांचा मराठे कुटुंबातील मुलीशी पहिला विवाह झाला.

सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यात त्या काळी औद्योगिक व कलाविषयक शिक्षणाची नवी व्यवस्था आकार घेत होती. रसायनशास्त्राचे अध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तेथे कलाभवन ही संस्था सुरू झाली. चित्रकलेला कारागिरीची आणि कारागिरीला विज्ञानाची जोड मिळावी, असा या शिक्षणाचा रोख होता. फाळके यांनी येथे तैलरंग व जलरंग यांतील चित्रकलेचा अभ्यास केला, तसेच वास्तुरचना आणि मातीकाम यांतही प्रावीण्य मिळवले. सपाट कागदावर काढलेल्या आराखड्यावरून घन आकार उभा करणे आणि घन वस्तूचे पुन्हा सपाट चित्र तयार करणे, अशा दोन्ही दिशांचे शिक्षण त्यांना येथे मिळाले. पुढील आयुष्यात हेच शिक्षण त्यांच्या सर्वाधिक उपयोगी पडले.

प्रतिकृती, छायाचित्रण आणि ठसे

विद्यार्थिदशेतच फाळके यांनी एक कॅमेरा मिळवला आणि छायाचित्र घेणे, काच धुणे व कागदावर प्रत उतरवणे यांचे प्रयोग सुरू केले. १८९२ मध्ये अहमदाबाद येथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. रंगमंच, पडदे आणि प्रेक्षागृह यांचा परस्परसंबंध लहान प्रमाणात मांडून दाखवणारी ही प्रतिकृती म्हणजे त्यांच्या रचनाबुद्धीला मिळालेली पहिली सार्वजनिक दाद होय. या कामाने प्रभावित झालेल्या एका चाहत्याने त्यांना एक किमती कॅमेरा भेट दिला.

गज्जर यांनी या विद्यार्थ्याचे कौशल्य हेरून त्यांना विशेष शिक्षणासाठी रतलाम येथे पाठवले. तेथे त्यांनी तीन रंगांचे ठसे तयार करणे, छायाशिळामुद्रण आणि अंधाऱ्या खोलीतील मुद्रणप्रक्रिया यांचे शिक्षण घेतले. तीन रंगांच्या छपाईत एकाच चित्राच्या रंगगाळण्यांतून तीन वेगवेगळ्या निगेटिव्ह घ्याव्या लागतात. प्रत्येकीपासून एक ठसा तयार होतो आणि पिवळा, तांबडा व निळा हे रंग एकावर एक छापल्यावर मूळ चित्राची रंगसंगती उमटते. ठसे केसभर जरी सरकले, तरी चित्र बिघडते. छायाशिळामुद्रणात छायाचित्राच्या साहाय्याने प्रतिमा शिळेवर उतरवून तिच्या प्रती काढल्या जातात. या दोन्ही प्रक्रियांना अचूक मापे, रसायनांचे ज्ञान आणि अंधारात काम करण्याची सवय आवश्यक असते.

बडोद्यास परतल्यावर गज्जर यांनी फाळके यांना कलाभवनाचे छायाचित्रगृह व प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी दिली. तेथे फाळके यांनी १८९३ पासून कोरीवकाम व छायामुद्रणाचा आपला पहिला व्यवसाय चालवला. मात्र त्यातून पुरेशी प्राप्ती होत नसल्याने १८९५ मध्ये त्यांनी गोध्रा येथे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून बस्तान बसवले.

गोध्रा येथील वास्तव्याचा शेवट दुःखद झाला. १९०० च्या सुमारास पसरलेल्या प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही मरण पावले. फाळके बडोद्यास परत आले. त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय पुन्हा सुरू केला, परंतु कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, असा समज तेव्हा लोकांमध्ये पसरला होता. त्यामुळे गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले आणि व्यवसाय बंद करावा लागला. त्यानंतर काही काळ त्यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवण्याचे काम केले. या कामातून त्यांना नाट्यनिर्मितीची माहिती झाली.

जादूचे प्रयोग आणि पुरातत्त्व खात्यातील नोकरी

बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून फाळके हातचलाखी आणि जादूची तंत्रे शिकले. १९०१ मध्ये त्यांनी ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे जाहीर प्रयोग केले. हे नाव त्यांच्या आडनावातील अक्षरे उलटी फिरवून तयार केलेले होते. प्रेक्षकांच्या नजरेला कोठे गुंतवावे आणि बदल कोणत्या क्षणी करावा, याचे जे भान जादूगाराला लागते, ते पुढे त्यांच्या चमत्कारदृश्यांत दिसून येते.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह गिरिजा करंदीकर यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. १९०३ मध्ये फाळके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले. या नोकरीत आरेखन आणि छायाचित्रण ही त्यांची दोन्ही कौशल्ये उपयोगात आली. तथापि सरकारी नोकरीत त्यांचे मन रमले नाही. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ मध्ये, त्यांनी या नोकरीचा राजीनामा दिला.

लोणावळा आणि दादर : छापखाना

नोकरी सोडल्यावर फाळके यांनी लोणावळा येथे भागीदारीत कोरीवकाम व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या रंगीत प्रती छापणारा प्रसिद्ध छापखाना त्या काळी लोणावळ्याजवळील मळवली येथे होता. त्या छापखान्यासाठी छायाशिळामुद्रणाची कामे फाळके यांच्याकडे येत. देवदेवतांची जी चित्रे त्या काळात महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली, त्यांच्या निर्मितीप्रक्रियेचा अनुभव त्यांना अशा रीतीने आतून मिळाला. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या आरंभीच्या दृश्याची मांडणी रविवर्मा यांच्या चित्राशी मिळतीजुळती असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

पुढे हा कारखाना मुंबईत दादर येथे हलवण्यात आला. १९०८ मध्ये पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि छापखान्याचे नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे ठेवण्यात आले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. ‘सुवर्णमाला’ हे कलाविषयक नियतकालिकही या छापखान्यातून निघू लागले. छापखान्याची कीर्ती वाढली, पण कारभाराच्या पद्धतीवरून भागीदारांमध्ये मतभेद निर्माण झाले. फाळके यांनी कोणताही आर्थिक लाभ पदरात न घेता छापखाना सोडला. त्या वेळी त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते आणि कुटुंबाच्या निर्वाहाचे निश्चित साधन त्यांच्याजवळ उरले नव्हते.

चित्रपटाकडे वळण

१९११ मध्ये फाळके यांनी गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’ या तंबूवजा चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र हलताना पाहून राम व कृष्ण यांची चरित्रेही अशाच रीतीने दाखवता येतील, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना सोबत घेऊन त्यांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला.

त्यानंतर त्यांनी एक लहान कॅमेरा आणि काही फिती विकत घेतल्या. रात्री मेणबत्ती आणि भिंग यांच्या साहाय्याने भिंतीवर प्रतिमा पाडून ते फितींचा अभ्यास करू लागले. दिवसा चित्रगृहात चार ते पाच तास आणि रात्री घरी हे प्रयोग, अशा क्रमामुळे त्यांना झोप फारच थोडी मिळे. या ताणाचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. योग्य उपचार आणि चष्मे यांमुळे ती परत आली. दृष्टी परत येताच ते पुन्हा कामाला लागले.

या प्रयोगांसाठी भांडवल मिळणे अवघड होते. फाळके यांनी आपल्या बारा हजार रुपयांच्या विमापत्रांवर दहा हजार रुपयांचे कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे त्यांनी ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कार्यालयात जाऊन संपादक कॅबोर्न यांची भेट घेतली. कॅबोर्न यांच्या ओळखीने त्यांना वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांचे चित्रपटनिर्मितिगृह पाहता आले. तेथे त्यांनी चित्रीकरणाची सर्व अंगे समजून घेतली. मुक्कामात त्यांनी पन्नास पौंडांना विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेतला, तसेच कच्ची फीत व फितीला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली. १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईस परतले आणि त्यांनी ‘फाळके फिल्म्स कंपनी’ स्थापन केली.

दादरचे घर

फाळके यांचे कुटुंब दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुरा भवन या बंगल्यात राहत असे. यंत्रसामग्री येऊन पोहोचल्यावर हेच घर कार्यशाळा बनले. सोबत आलेल्या आकृत्यांच्या आधारे फाळके यांनी यंत्रे स्वतः जोडली. घरात अंधारी खोली आणि आवारात चित्रीकरणाची जागा तयार करण्यात आली.

त्या काळी कच्ची फीत भोके न पाडता मिळत असे. कॅमेऱ्यात फीत पुढे सरकण्यासाठी तिच्या दोन्ही कडांना समान अंतरावर भोके असावी लागतात. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात आणि प्रत्येक चित्रासाठी दोन्ही कडांना चार-चार भोके लागतात. म्हणजे एका फुटाला १२८ भोके होतात. भोकांतील अंतरात थोडा जरी फरक पडला, तरी पडद्यावरील चित्र थरथरते. शिवाय फीत प्रकाशाला संवेदनशील असल्याने हे काम अंधारातच करावे लागते. फाळके यांनी हे तंत्र सरस्वतीबाईंना शिकवले. दिवसभराची घरकामे आटोपल्यावर त्या रात्री फितीला भोके पाडत आणि चित्रित झालेली फीत रसायनांत धुण्याच्या कामात मदत करत. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील पहिल्या स्त्री-तंत्रज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

कर्ज देणाऱ्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी फाळके यांनी प्रथम एक छोटी फीत तयार केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्यासमोर कॅमेरा रोवण्यात आला आणि महिनाभराहून अधिक काळ अंतराअंतराने एकेक चित्र घेण्यात आले. परिणामी बी रुजून वेल वाढण्याची क्रिया सुमारे एका मिनिटात पडद्यावर दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फीत निवडक लोकांना दाखवण्यात आली आणि तिच्या बळावर पुढील भांडवल उभे राहिले. सरस्वतीबाईंनी या कामासाठी आपले दागिनेही दिले.

राजा हरिश्चंद्र

पहिल्या कथापटासाठी फाळके यांनी सत्यवचनी हरिश्चंद्राची कथा निवडली. पटकथा, दिग्दर्शन, नेपथ्य, वेषभूषा, रंगभूषा आणि संकलन ही कामे त्यांनी स्वतः पाहिली. कॅमेरा चालवण्यासाठी त्यांनी त्र्यंबक तेलंग यांना तयार केले. नाट्यकलावंत दत्तात्रय दामोदर दाबके यांना हरिश्चंद्राची भूमिका देण्यात आली, तर रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली.

तारामतीच्या भूमिकेसाठी वृत्तपत्रांत जाहिरात देऊनही योग्य स्त्री मिळाली नाही. चित्रपटात काम करणे त्या काळी स्त्रियांसाठी अप्रतिष्ठेचे मानले जाई. अखेरीस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांची या भूमिकेसाठी निवड झाली. पुरुष कलावंतांनाही लोकनिंदेची भीती वाटत असे. आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत, असे बाहेर सांगावे, अशी सूचना फाळके यांनी त्यांना दिली होती. एका अर्थाने ती वस्तुस्थितीही होती, कारण मथुरा भवनात एकाच वेळी पडदे रंगवणे, तालमी, चित्रीकरण, फीत धुणे आणि प्रती काढणे ही कामे चालत.

चित्रीकरण सूर्यप्रकाशात होई. प्रकाश कलावंतांच्या चेहऱ्यावर परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरल्या जात आणि हे कामही प्रसंगी सरस्वतीबाई करत. त्याशिवाय सर्व मंडळींच्या जेवणाची जबाबदारी त्यांच्यावरच होती. बाह्यचित्रणासाठी मंडळी मुंबईबाहेर वांगणी येथे जात असे. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत सुमारे ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा हा चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो प्रदर्शित झाला. चित्रपटास चांगला प्रतिसाद मिळाला आणि त्याच्या अधिक प्रती काढाव्या लागल्या.

नाशिकमधील काळ

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके यांनी आपला कारखाना नाशिक येथे हलवला. तेथे ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट तयार झाला. यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या. भारतीय कथापटांत काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यानंतर १९१४ मध्ये ‘सत्यवान सावित्री’ आला.

१९१४ मध्ये हे तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाची प्रशंसा झाली आणि इंग्लंडमध्येच राहून चित्रपट काढण्याचे निमंत्रणही त्यांना मिळाले. नाशिकला आपल्या आधारावर असलेल्या माणसांचा आणि भारतात हा धंदा उभा करण्याच्या संकल्पाचा विचार करून त्यांनी ते नाकारले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, कच्ची फीत मिळणे कठीण झाले आणि कारखान्यातील माणसांचे पगार देणेही अवघड बनले. या काळात सरस्वतीबाईंचे दागिने पुन्हा एकदा कामी आले.

आर्थिक अडचणीच्या याच वर्षांत फाळके यांनी अनेक लघुपट तयार केले. मोठे नेपथ्य, वेषभूषा आणि नटसंच परवडत नसताना टेबलावर मावणाऱ्या वस्तूंना त्यांनी पडद्यावर हालते केले. ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्या, तर ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाणी आपोआप सरकून निरनिराळे आकार धारण करतात. ‘विचित्र शिल्प’मध्ये मातीच्या आकारांचा उपयोग करण्यात आला. अशा फिती तयार करताना वस्तू अगदी किंचित हलवून एक चित्र घ्यावे लागते, नंतर ती पुन्हा किंचित हलवून पुढचे चित्र घ्यावे लागते. काही सेकंदांच्या हालचालीसाठी शेकडो वेळा ही क्रिया करावी लागते. कलाभवनातील मातीकाम, वाटाण्याच्या वेलाचा प्रयोग आणि जादूगाराचा हात यांचा हा संगम होता. भारतातील सचेतपटाच्या इतिहासाचा आरंभ या लघुपटांपासून मानला जातो. याशिवाय त्यांनी माहितीपर लघुपटही काढले आणि चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणाऱ्या एका लघुपटात ते स्वतः काम करताना दिसतात.

१९१७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लंकादहन’ या चित्रपटाने फाळके यांना आर्थिक संकटातून बाहेर काढले. अण्णा साळुंके यांनी यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय चित्रपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. मारुतीचे उड्डाण आणि जळणारी लंका ही दृश्ये प्रेक्षकांचे विशेष आकर्षण ठरली.

हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी

‘लंकादहन’च्या यशामुळे भांडवलदार फाळके यांच्याकडे आकृष्ट झाले. १ जानेवारी १९१८ रोजी त्यांच्या कंपनीचे रूपांतर ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’त झाले. वामन श्रीधर आपटे हे या कंपनीचे व्यवस्थापक भागीदार होते. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) हे चित्रपट या कंपनीतर्फे निघाले. दोन्हींत फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाला आपले मस्तक धडावेगळे होऊन हवेत गेल्याचा भास होतो. हे दृश्य एकाच फितीवर दोनदा चित्रण करण्याच्या तंत्राने साधले आहे. ‘कालियामर्दन’मधील पाण्याखालील नागाशी झुंज हीदेखील त्यांच्या युक्तिचित्रणाचा उल्लेखनीय नमुना आहे.

चित्रपट यशस्वी होत असतानाच भागीदारांशी मतभेद वाढत गेले. निर्मितीचा खर्च आणि लागणारा वेळ यांवर नियंत्रण असावे, असे भागीदारांचे म्हणणे होते. कलेच्या अंगात बाहेरच्यांनी हस्तक्षेप करू नये, अशी फाळके यांची भूमिका होती. दहा वर्षांपूर्वी छापखान्यात जे घडले होते, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. कामाचा प्रत्येक टप्पा स्वतःच्या हाताखाली ठेवण्याची सवय घरगुती कार्यशाळेत उपकारक ठरली होती. पगारी माणसे, हिशेब आणि ठरलेल्या मुदती यांवर चालणाऱ्या कंपनीत तीच सवय अडचणीची ठरली. फाळके यांनी राजीनामा दिला आणि ते सहकुटुंब काशीस गेले.

काशीच्या मुक्कामात त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. त्यात तत्कालीन नाट्यव्यवसायावर उपरोधिक टीका होती. हे नाटक रंगमंचावर आले, परंतु त्याला अपेक्षित यश मिळाले नाही. इकडे फाळके यांच्या अनुपस्थितीत कंपनीची स्थितीही खालावली होती. १९२२ मध्ये ते नाशिकला परतले आणि निर्मितिप्रमुख व तंत्रसल्लागार म्हणून पुन्हा कंपनीत रुजू झाले. त्यानंतर त्यांनी बरेच मूकपट केले, तरी ‘लंकादहन’ किंवा ‘कालियामर्दन’ यांची लोकप्रियता पुढील चित्रपटांच्या वाट्याला फारशी आली नाही.

बोलपटाचे आगमन आणि अखेरची वर्षे

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस फाळके यांनी कंपनीपासून वेगळे होऊन ‘सेतुबंधन’ या चित्रपटाची निर्मिती हाती घेतली. मध्यंतरी पैसा संपल्याने काम रखडले. त्याच सुमारास, १४ मार्च १९३१ रोजी, ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि मूकपटांची मागणी झपाट्याने ओसरली. त्यामुळे ‘सेतुबंधन’ला मागाहून ध्वनी जोडावा लागला.

बोलपटाने चित्रपटव्यवसायाचे स्वरूपच बदलले. ध्वनिबंद चित्रीकरणगृह, ध्वनिमुद्रणाची महागडी यंत्रे, संवादलेखक, गायक आणि वादक यांची आवश्यकता निर्माण झाली. एका बंगल्याच्या आवारात, सूर्यप्रकाशात आणि घरच्या माणसांच्या बळावर चित्रपट पूर्ण करण्याचा काळ संपला. कोल्हापूर सिनेटोन या संस्थेसाठी १९३७ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘गंगावतरण’ हा फाळके यांचा मुळातूनच बोलपट म्हणून तयार झालेला एकमेव चित्रपट ठरला. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर ते चित्रपटसृष्टीतून निवृत्त झाले.

अखेरची वर्षे त्यांनी नाशिक येथे काढली. या काळात त्यांची आर्थिक स्थिती बेताची होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

पहिला भारतीय चित्रपट कोणता, याविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘पुंडलिक’ हा चित्रपट १८ मे १९१२ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ एक वर्ष आधी, प्रदर्शित झाला होता. तथापि ‘पुंडलिक’ हे मुख्यतः रंगमंचीय नाटकाचे चित्रण होते आणि त्याच्या फितीवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. याउलट ‘राजा हरिश्चंद्र’चे लेखन, चित्रण, फीत धुणे, संकलन आणि प्रती काढणे ही सर्व कामे भारतात झाली. त्यामुळे फाळके यांच्या अग्रक्रमाचा दावा केवळ तारखेवर नव्हे, तर निर्मितीच्या संपूर्ण साखळीवर आधारलेला आहे. कॅमेरा आणि कच्ची फीत परदेशी होती, तरी त्यांपासून चित्रपट घडवण्याचे ज्ञान त्यांनी येथे रुजवले. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातून लिहिलेल्या लेखांत त्यांनी आपल्या धडपडीची हकीकत सांगितली आहे आणि चित्रपटनिर्मितीचा संबंध स्वदेशीच्या विचाराशी जोडला आहे.

फाळके यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची केवळ काही रिळे शिल्लक असून, ती मूळ १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा तयार केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग मात्र सुरक्षित आहे.

गौरव आणि स्मारके

भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यास सुरुवात केली. भारतीय चित्रपटक्षेत्रातील हा सर्वोच्च पुरस्कार असून, त्याच्या पहिल्या मानकरी अभिनेत्री देविका राणी होत्या. १९७१ मध्ये टपाल खात्याने फाळके यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईतील गोरेगाव येथील चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

बापू वाटवे यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा मराठी चित्रपट फाळके दांपत्याच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीवर आधारित आहे. ऑस्कर पुरस्कारांसाठी भारतातर्फे अधिकृत प्रवेशिका म्हणून तो पाठवण्यात आला होता.